तक्त्यातला डॉल्फिन : माल्टाच्या शेळ्या, नानांचा ताप आणि कोकणचा किनारा

मागच्या महिन्यात पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीचा मेसेज आला. "ताई, तुमचं काम भोर-वेल्ह्यातल्या शेळ्या-म्हशींवर आहे ना? मग तुम्ही डॉल्फिनच्या रोगांचे पेपर का वाचत बसता?"

प्रश्न रास्त आहे. केळदच्या पुढे मढे घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की खाली कोकण दिसतं, समुद्र काही दिसत नाही. वेल्ह्याचा (सरकारदरबारी आता राजगड तालुका) आणि समुद्राचा आमच्या लहानपणी संबंध होता तो सुकट-बोंबलापुरता. वरंध घाटातून भोरला येणारा माल बाजारात उतरला की वास आधी यायचा आणि विकणारी मागून. डॉल्फिन फक्त टीव्हीवर.

तर झालं असं. पहिल्या वर्षी गाईड मॅडमनी मला एक साधं काम दिलं होतं. ब्रुसेला या जिवाणूच्या प्रजाती आणि प्रत्येकीचा यजमान प्राणी, असा तक्ता करायचा. मी केला. मेलिटेन्सिस: शेळी, मेंढी. अबॉर्टस: गाय, म्हैस. सुइस: डुक्कर. कॅनिस: कुत्रा. ओव्हिस: मेंढा. यादीत पुढे सेटी आणि पिनिपेडिअॅलिस अशी दोन नावं होती, एक डॉल्फिन-देवमाशांमधलं आणि एक सीलमधलं. ती मी गाळली आणि खाली टीप टाकली, "अभ्यासक्षेत्राशी संबंध नाही". मॅडमनी त्या टिपेखाली पेन्सिलीने एवढंच लिहिलं, "हे कशावरून ठरवलं?"

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधता शोधता मी जे वाचलं ते आज तुमच्यासमोर मांडतेय. तुमच्यापैकी कुणी संशोधनाचा विषय निवडत असेल, सिनॉप्सिस लिहीत असेल, तर हे विशेष करून तुमच्यासाठी.

आधी घरची गोष्ट सांगते, कारण माझ्या विषयाची सुरुवात तिथे झाली.

मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या नानांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, ताप यायला लागला. दुपारनंतर चढायचा, रात्री घामाने अंथरूण भिजायचं, सकाळी माणूस उठून गोठ्यात जायचा. आठ-दहा दिवस ताप, मग आठवडाभर काही नाही, मग पुन्हा ताप. विडाल टेस्ट झाली, टायफॉइड म्हणून औषधं झाली. बरं वाटलं. महिन्याने पुन्हा तेच. तीनदा टायफॉइड "झाला". मग कंबर धरली, बसता-उठता येईना, तेव्हा मणक्याचा टीबी असावा अशी शंका आली. या सगळ्यात आठ महिने गेले आणि एक म्हैस विकावी लागली. शेवटी पुण्यात एका तरुण डॉक्टरने नानांना विचारलं, "घरी जनावरं आहेत का? कुठलं गाभडलं होतं का?" तोवर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. गाभडली होती. आदल्या पावसाळ्यात एक म्हैस सातव्या महिन्यात गाभडली होती, वार अडकली होती आणि नानांनी ती हाताने काढली होती. उघड्या हाताने. आमच्याकडे सगळेच तशी काढतात.

रक्ताची साधी चाचणी झाली आणि ब्रुसेलोसिस निघाला. दोन औषधं, सहा आठवडे. नाना बरे झाले, कंबर मात्र अजून धरते.

मी मायक्रोबायोलॉजी शिकत होते. ब्रुसेलावर परीक्षेत पाच मार्कांचं टिपण लिहिलं होतं. आणि माझ्याच घरात आठ महिने तो ताप होता तरी मला तो ओळखता आला नाही. ही सल अजून आहे.

आता मागे जाऊ, १८८७ साली. भूमध्य समुद्रातलं माल्टा हे छोटं बेट, तिथे ब्रिटिश सैन्याची मोठी छावणी. सैनिकांना एक विचित्र ताप यायचा, चढायचा, उतरायचा, महिनोन् महिने रेंगाळायचा. डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरने या तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून एक बारीक जिवाणू वाढवून दाखवला. त्याची बायको मेरी प्रयोगशाळेत बरोबरीने काम करायची, पण पेपरवर नाव एकट्या ब्रूसचं. जिवाणू सापडला, तरी तो माणसात येतो कुठून हे काही कळलं नाही. पाण्यातून येत असेल, हवेतून येत असेल, गटारातून येत असेल, अशा तर्कांत पुढची जवळपास अठरा वर्षं गेली.

मध्ये १८९७ साली इंग्लंडमध्ये नेटली इथल्या लष्करी रुग्णालयात ऑल्मरॉथ राइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रक्ताची एक चाचणी बसवली. रुग्णाच्या रक्तद्रवात जिवाणू मिसळायचे. प्रतिपिंडं असतील तर जिवाणू एकमेकांना चिकटून पुंजके होतात. टायफॉइडसाठीची विडाल टेस्ट याच तत्त्वावर आदल्याच वर्षी, १८९६ साली आली होती. राइटच्या पेपरचं शीर्षकच मुळी टायफॉइड आणि माल्टाचा ताप वेगळे कसे ओळखावेत असं होतं. ते शीर्षक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटवून जरा वेळ बसून राहिले. हा घोटाळा होतो हे १८९७ साली माहीत होतं, तो सोडवायची चाचणीही होती, आणि सव्वाशे वर्षांनी आमच्या तालुक्यात ताप आला की विडाल होते, ही दुसरी मात्र कुणाला आठवत नाही. नेटलीला हिंदुस्थानातून आजारी होऊन परतलेले सैनिकही येत असत, हे जाता जाता लक्षात ठेवा.

१९०४ मध्ये माल्टात या तापासाठी खास आयोग नेमला गेला. ब्रूस त्याचा प्रमुख. पण खरी गोष्ट शोधली ती तिथल्याच थेमिस्टोक्लिस झॅमिट नावाच्या माल्टीज डॉक्टरने. (हा माणूस पुढे पुरातत्त्वज्ञ म्हणूनही नावाजला. बेटावरची दगडी काळातली मंदिरं त्याने उकरली. एका जन्मात दोन पीएच.डी.चं काम.) १९०५ च्या उन्हाळ्यात झॅमिटने प्रयोगासाठी शेळ्या आणल्या. शेळ्यांना हा रोग होतच नसावा असा सर्वांचा समज होता. जिवाणू टोचण्याआधी त्याने त्यांचं रक्त तपासलं, आणि काहीही न टोचता बहुतेक शेळ्यांच्या रक्तात पुंजके झाले. शेळ्या धडधाकट, खातायत, दूध देतायत. पुढे बेटभर तपासणी झाली तेव्हा साधारण दहातल्या एका शेळीच्या दुधात जिवंत जिवाणू निघाला.

माल्टात तेव्हा गवळी शेळ्यांचा कळप घेऊन गल्लीत यायचा आणि गिऱ्हाइकाच्या दारात, गरज पडली तर जिना चढवून, शेळी पिळून द्यायचा. डोळ्यांसमोर काढलेलं दूध, पाण्याची भेसळ नाही म्हणून लोक खूश. आपल्याकडच्या धारोष्ण दुधाचं कौतुक आठवलं ना? आमच्या भागातल्या तालमीत अजूनही पोरांना सांगतात, कासंडीतलं दूध थेट ओठाला लावा, ताकद येते.

त्याच वर्षी 'जोशुआ निकल्सन' नावाच्या जहाजातून साठहून जास्त माल्टीज शेळ्या अमेरिकेला निघाल्या. वाटेत खलाशी मजेत दूध प्यायले आणि त्यांच्यातले बरेच तापाने पडले. आयोगाला मागूनही इतका स्वच्छ पुरावा मिळाला नसता. १९०६ मध्ये छावणीत शेळीचं दूध बंद झालं. सैनिकांमधले रुग्ण शेकड्यांत असायचे, ते दोन वर्षांत बोटांवर मोजण्याइतके उरले.

पाठ्यपुस्तकात गोष्ट इथे संपते. पण बंदी होती सैनिकांपुरती. बेटावरची सामान्य माणसं तेच दूध पीत राहिली आणि पुढची कित्येक वर्षं तापाने पडत राहिली. आयोग नेमला होता तो सैन्यासाठी, सैन्य वाचलं, काम झालं. पेपर वाचताना "रोग आटोक्यात आला" असं वाक्य दिसलं की कुणाचा आला, हे विचारायची सवय मला इथून लागली.

दुसरा धागा गायींचा. डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग याने १८९७ मध्ये गाभडलेल्या गायींमधून एक जिवाणू वेगळा केला. तो पशुवैद्यांचा विषय, माल्टाचा ताप हा माणसांच्या डॉक्टरांचा. दोघांची नियतकालिकं वेगळी, सभा वेगळ्या. वीस वर्षं हे दोन जिवाणू शेजारी ठेवून कुणी बघितलेच नाहीत. बघितले ते अॅलिस इव्हान्सने, अमेरिकेच्या कृषी खात्यात दुधावर काम करणाऱ्या एका बाईने. १९१८ साली तिने पेपर छापला की हे दोन्ही जवळजवळ सारखेच आहेत, तेव्हा गायीचं कच्चं दूधही माणसाला धोक्याचं असणार. तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. थिओबाल्ड स्मिथसारखा त्या काळचा मोठा शास्त्रज्ञ विरोधात गेला, दूधवाले तर चिडलेच. बाई, त्यातून डॉक्टरेट नाही. होय, इव्हान्सकडे पीएच.डी. नव्हती, मास्टर्सच होतं. १९२० मध्ये मायर आणि शॉ यांनी तिचं म्हणणं पडताळून पाहिलं आणि ब्रूसच्या नावावरून या गटाला 'ब्रुसेला' हे नाव दिलं. १९२२ मध्ये काम करताना इव्हान्सलाच लागण झाली. ताप दोन दशकं येत-जात राहिला. आणि त्यातली काही वर्षं डॉक्टर तिला सांगत होते की तुम्हाला काही झालेलं नाही, हा मनाचा थकवा आहे. १९२८ मध्ये ती अमेरिकन जिवाणूशास्त्रज्ञांच्या संघटनेची पहिली महिला अध्यक्ष झाली.

हे सगळं परदेशी वाटत असेल तर एक गोष्ट पुण्याची. जनावरांच्या रोगांवर काम करणारी सरकारी 'इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' डिसेंबर १८८९ मध्ये पुण्यातच, कॉलेज ऑफ सायन्समध्ये सुरू झाली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचा प्रमुख. १८९३ मध्ये ती उचलून हिमालयात मुक्तेश्वरला नेली, आजची आयव्हीआरआय तिचाच वंश. म्हणजे आज जिथे सीओईपी आहे तिथे, भोरपासून पन्नासेक किलोमीटरवर, ब्रूसच्या शोधानंतर दोनच वर्षांनी जनावरांच्या जिवाणूंची प्रयोगशाळा होती. पुणे जिल्ह्यातल्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला हे एम.एस्सी. होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

आता समुद्र. १९९४ पर्यंत ब्रुसेला म्हणजे जमिनीवरच्या, त्यातही पाळीव जनावरांचा रोग असंच पक्कं होतं. त्या वर्षी दोन पेपर आले. एक स्कॉटलंडमधून. किनाऱ्याला लागलेले सील, पॉरपॉइज आणि एक डॉल्फिन यांच्या शवविच्छेदनात ब्रुसेला सापडला. दुसरा कॅलिफोर्नियातून, बंदिस्त ठेवलेल्या बॉटलनोज डॉल्फिनच्या गाभडलेल्या गर्भातून. मला हा दुसरा वाचताना अंगावर काटा आला. गाभडलेला गर्भ. बँगची गाय, आमची म्हैस आणि ही डॉल्फिन, तिघींचं एकच.

मग ठिकठिकाणी तपासणी सुरू झाली आणि जिथे बघावं तिथे खुणा मिळायला लागल्या. २००७ मध्ये सेटी आणि पिनिपेडिअॅलिस अशी अधिकृत नावं मिळाली. २००८ मध्ये कोस्टा रिकातून बातमी आली. तिथे किनाऱ्याला येऊन पडणाऱ्या पट्टेरी डॉल्फिनच्या मेंदूला या जिवाणूने सूज आली होती. पोहता येईना, तोल जाईना सावरता, म्हणून ते वाळूवर येत होते.

जरा विचार करा. हा जिवाणू १९९४ मध्ये समुद्रात गेला का? नाही. तो तिथे होताच. १९९४ मध्ये माणसाने डॉल्फिनचा गर्भ तपासला एवढंच. तसंच शेळीचं, तीही १९०५ मध्ये आजारी पडली नव्हती. यजमान प्राण्यांची यादी असते ना, ती कोणकोणत्या प्राण्यांना रोग होतो याची यादी म्हणून आपण पाठ करतो. मला आता ती कोणकोणत्या प्राण्यांत आणि कोणत्या साली शोधलं गेलं, याची यादी वाटते.

माणसाला यापासून धोका किती? इथे नीट बोलायला हवं, कारण घाबरवणाऱ्या बातम्या लिहिणं फार सोपं आहे. समुद्री सस्तन प्राण्यांमधल्या ब्रुसेलाची माणसांतली उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी आहेत. १९९९ मध्ये इंग्लंडमधला प्रयोगशाळेतला एक कर्मचारी, हाताळताना लागण झाली, बरा झाला. २००३ मध्ये पेरूमधले दोन तरुण रुग्ण प्रसिद्ध झाले, मेंदूत गाठी झालेले. २००६ मध्ये न्यूझीलंडमधला एक माणूस, मणक्याच्या हाडाला संसर्ग झालेला. हे वाचून मला नानांची कंबर आठवली. गंमत, खरं तर गंमत नाही, अशी की पेरूच्या दोघांचा आणि न्यूझीलंडच्या माणसाचा सील-डॉल्फिनशी थेट संबंध आढळला नाही. न्यूझीलंडचा माणूस मासेमारी करायचा, गळाला लावायचे कच्चे मासे हाताळायचा. पुढे जनुकीय तपासणीत तिघांचेही जिवाणू एकाच प्रकारात बसले, एसटी २७ नावाच्या. हा प्रकार मुळात कुठून माहीत होता? कॅलिफोर्नियातल्या त्या गाभडलेल्या डॉल्फिनच्या गर्भातून. मधला दुवा, म्हणजे तो माणसापर्यंत नेमका कसा पोचला, हा अजून खुला प्रश्न आहे. विषय शोधत असाल तर घ्या.

आणि हा एकटा ब्रुसेलाच नाही. नॉर्वेत सील मारणाऱ्या शिकाऱ्यांची बोटं सुजायची, सांधा कायमचा आखडायचा, कधी बोट कापावं लागायचं. पेनिसिलिन आलं तरी उपयोग होईना. पुढे कळलं की यामागचे मायकोप्लाझ्मा जातीचे जिवाणू पेशीभित्तिकाच बाळगत नाहीत आणि पेनिसिलिन मारतं ते पेशीभित्तिकेवर. टेट्रासायक्लिनने मात्र बोट वाचतं. (नेट परीक्षेला हा प्रश्न येऊ शकतो, उदाहरणासकट लक्षात ठेवा.) कॅलिफोर्नियाच्या सी-लायनमध्ये १९७० पासून लेप्टोस्पायराच्या साथी नोंदल्या गेल्यात, तोच लेप्टो जो आपल्याला मुंबईच्या २००५ च्या पुरानंतर घराघरात माहीत झाला. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात सीलना शिकवणाऱ्या एका माणसाला त्या सीलकडूनच क्षयरोग झाला.

क्षयरोगावरून सगळ्यात थक्क करणारी गोष्ट. अमेरिका खंडात क्षयरोग युरोपीय लोकांनी नेला असा समज होता. पण पेरूत सापडलेल्या, कोलंबसच्या कितीतरी आधीच्या, साधारण हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांच्या हाडांत क्षयाच्या खुणा होत्या. मग तो आला कसा? २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनात त्या हाडांतला जिवाणू-डीएनए वाचला गेला. तो आजच्या ज्या जिवाणूच्या सगळ्यात जवळचा निघाला, तो सीलमधला क्षयाचा जिवाणू. आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून सीलांनी तो आणला आणि किनाऱ्यावरच्या शिकाऱ्यांनी सील मारून खाल्ले, असा त्याचा अर्थ लावला गेला. इतिहासाच्या पुस्तकात जहाजं असतात, राजे असतात. इथे रोग घेऊन समुद्र ओलांडणारं जनावर आहे, आणि त्याचा दस्तऐवज हाडात.

आता मढे घाटातून खाली उतरू. कोकणच्या किनाऱ्याला सील नाहीत, पण डॉल्फिन आहेत. सिंधुदुर्गात त्यांना गादा म्हणतात. पॉरपॉइज आहेत, देवमासे येतात. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा जिवंत येऊन पडला आणि तिथेच मेला. जानेवारी २०१६ मध्ये जुहूला आणखी एक, मेलेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं, ते पाण्यात सोडायला गावकरी, वन खातं, यंत्रं सगळे झटले, तरी ते वाचलं नाही. या बातम्यांचे फोटो पुन्हा बघा. मी बघितले, संशोधक म्हणून. माणसं पिल्लाच्या अंगावर हात ठेवून उभी आहेत, ओल्या गोणपाटाने त्याला गार ठेवतायत, मुलं सेल्फी काढतायत. हातमोजे क्वचित. आणि मेल्यावर? इतकं मोठं धूड कुजायच्या आत जेसीबीने वाळूत पुरणं हीच घाई असते.

मी कुणाला दोष देत नाही. भरतीच्या आधी काही टनांचं जनावर हलवायचं असतं, तेव्हा नमुने कोण घेणार? कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे, किनाऱ्यावर येणाऱ्या प्राण्यांच्या नोंदी होतात, आणि २०१८ च्या शेवटी सरकारने आणखी एक चांगली गोष्ट केली: जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर मच्छीमाराला पंचवीस हजारांपर्यंत भरपाई. पण जाळं कापतं कोण? हात. ओरखडे पडलेले, काट्यांनी टोचलेले, मिठाच्या पाण्याने चिरलेले हात. ज्या हातांनी नानांनी वार काढली त्याच जातीचे हात. त्या हातांवर जखम असेल तर ती झाकून, रबरी मोजे घालून कापा आणि नंतर साबणाने धुवा, एवढं तरी भरपाईच्या फॉर्मच्या पाठीवर छापायला काय हरकत आहे?

डॉल्फिन आणि देवमासे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मेलेल्याचाही नमुना परवानगीशिवाय घेता येत नाही. हे योग्यच आहे. फक्त तुम्ही या विषयात येणार असाल तर परवानगीचा अर्ज सिनॉप्सिसच्या आधी टाका, नंतर नाही. अनुभवाचे बोल आहेत, माझे नाहीत, माझ्या एका सीनियरचे. तिची दोन वर्षं गेली.

पुन्हा घाट चढून घरी. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्यासाठी देशव्यापी लसीकरण सुरू केलं. गाय-म्हशीच्या चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना आयुष्यात एकदा ब्रुसेलाची लस. लस आहे स्ट्रेन १९. तिचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे: १९२३ मध्ये जॉन बक याने एका जर्सी गायीच्या दुधातून हा जिवाणू काढला, ती नळी प्रयोगशाळेत वर्षाहून जास्त काळ तशीच पडून राहिली, आणि पुन्हा तपासली तेव्हा जिवाणू सौम्य झालेला होता. तुमच्या फ्रीजमधल्या विसरलेल्या प्लेट्सबद्दल गाईड ओरडले तर हे सांगू नका, उपयोग होत नाही. ही लस जिवंत जिवाणूची असल्यामुळे टोचणाऱ्याच्याच बोटात सुई गेली तर त्यालाही लागण होऊ शकते, हेही ध्यानात ठेवा.

लस चांगली आहे, हवीच होती. पण ती गाय-म्हशींना. शेळ्या-मेंढ्यांना त्या कार्यक्रमात ही लस नाही. माल्टाचा इतिहास वाचून झाल्यावर मला हे फार खुपतं. माणसाला सगळ्यात जास्त आजारी पाडणारी प्रजाती मेलिटेन्सिस, ती शेळीतली. आणि भोर-वेल्ह्यात ज्याच्याकडे जमीन कमी, डोंगर जास्त, त्याच्याकडे शेळी असते. धनगरवाड्यावर तर शेळ्या माणसाच्याच छपराखाली रात्र काढतात. माझ्या कामासाठी रक्ताचे नमुने घेताना एक मावशी म्हणाली, "शेळी तर लय धड हाय बया, तिला कशाला टोचती?" झॅमिटच्या शेळ्याही लय धडच होत्या. मी मावशीला माल्टाची गोष्ट सांगितली, माझ्या मते फार रंगवून सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दूध तापवून प्यालं की झालं ना?" दुधाचं झालं, मावशी. उकळलेल्या दुधात हा जिवाणू टिकत नाही. पण व्यायच्या वेळी हाताला प्लास्टिकची पिशवी तरी बांधा आणि गाभडलेलं ओढ्यात टाकू नका, खोल पुरा. पिशवीचं तिला पटलं. ओढ्याचं काय झालं, पुढच्या फेरीत बघेन.

मॅडमच्या पेन्सिलीला मी काय उत्तर दिलं ते सांगायचं राहिलं. तक्त्यात सेटी आणि पिनिपेडिअॅलिस परत घेतले. आणि एक नवा रकाना जोडला, "प्रथम नोंद". त्यात साल लिहिलं, देश लिहिला आणि कशातून सापडला तेही लिहिलं: सैनिकाची प्लीहा, शेळीचं रक्त, गायीचा गर्भ, डॉल्फिनचा गर्भ. "अभ्यासक्षेत्राशी संबंध नाही" ही टीप खोडली. तिच्या जागी लिहिलं, "महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तपासणीची गरज". मॅडमनी या वेळी काही लिहिलं नाही, फक्त पान उलटलं. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

दिवाळीत घरी गेले तेव्हा त्या कॅलिफोर्नियाच्या पेपरमधला फोटो नानांना मोबाईलवर दाखवला. काकी चुलीपाशी होती, तिला वेगळीच काळजी. "मग आता सुकट खायची का नाय?" म्हटलं, नीट भाजून, शिजवून खा, उष्णतेपुढे हा जिवाणू टिकत नाही. नाना मात्र बराच वेळ फोटोकडे बघत होते. बोटांनी मोठा करून बघितला.

"म्हंजी ह्यो मासा गाभडतो?"

"मासा नाही नाना, जनावर आहे. आपल्या म्हशीसारखं. पिल्लाला दूध पाजतं."

"वार असती त्याला?"

"असते."

नाना हसले नाहीत. मोबाईल परत देत म्हणाले, "मग ती काढायला कोण जातंय तिकडं, त्याला सांग आधी."

मोजे घालायला, असं त्यांना म्हणायचं होतं. मी सांगते म्हटलं.